चिडलेली नाही मी, माझा आवाजच असा आहे

"चिडली का?" हा प्रश्न ज्यानं शोधून काढला न, तो माणूस मला एकदा भेटूच दे, मे महिन्यात भर दुपारी दोन वाजता आमच्या नागपूरच्या व्हरायटी चौकात बिना चपलेचं उभं करते त्याला.

मी चिडलेली नसते बाप्पा. मी फक्त बोलून राहिली असते. आवाज मोठा आहे माझा, कारण लहानपणापासून घरात सहा माणसं अन् उन्हाळाभर कूलर चालू, त्या कूलरच्या वर बोलायचं म्हणजे पोटातूनच बोलावं लागते. तर समोरचा विचारते चिडली का, मी म्हणते नाही, तो म्हणते मग अशी काहून बोलून राहिली, मी म्हणते अशी म्हणजे कशी, तो म्हणते बघ, हेच. अन् इथं मी खरंच चिडते. मग तो म्हणते, मी म्हटलंच होतं न.

सोमवारचं ऐका. आमचं मेन ऑफिस पुण्याला. कॉलवर तिकडच्या एका पोरानं विचारलं, महिन्याच्या हिशोबाची फाईल कुठं आहे, मी म्हटलं "पाठवून राहिली". म्हणजे पाठवून राहिली! माउस हातात, अटॅचमेंटचा गोल फिरून राहिला, अजून किती सोपं करून सांगू? त्यानं ऐकलं पाठवायची राहिली. कॉल संपायच्या आत साहेबांना मेल, नागपूरकडून फाईल पाठवायची राहून गेली आहे. अन् तो मेल माझ्या फाईलच्या एक मिनिट आधी पोचला. आता साहेबांना काय व्याकरण शिकवू? तरी सांगायला गेली, तर तो पोरगा हसून म्हणते, अरे हो, तुमची ती नागपुरी भाषा, किती गोड. गोड! तुझ्या गोडापायी माझं नाव कामचुकारात गेलं न रे. आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो, मग तिकडं भाजीवाला इडलीवाल्याकडं बोट दाखवते, हा जोक मी दर लग्नात ऐकते अन् दर लग्नात हसते पण, पण ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. 1960 पासून एका राज्यात राहून राहिलो आपण, तुमचं येतोय-जातोय आम्ही मुकाट समजून घेतो, अन् आमचं एवढंसं "राहिली" तुम्हाला जड जाते?

बरं, भाषेचं सोडा. घरी तर सगळे इथलेच आहेत. परवा धाकट्या जावेनं वांग्याची भाजी केली, मी म्हटलं, आज तिखटानं नाही जाळलं. कौतुक होतं हो ते! आमच्या घरी रस्सा म्हणजे सावजीच्या वरताण, नाक-डोळे वाहतात, त्या दिवशी कधी नव्हे ते चव लागली म्हणून मी दोनदा वाढून घेतलं. तिनं ऐकलं की रोज जाळते. तोंडानं काही बोलली नाही, ओट्यावर भांडी बोलली. संध्याकाळी वर्ध्याहून नणंदेचा फोन, वहिनी, तू तिच्या हाताला नावं ठेवते म्हणे. मी समजवायला बसली, तर एवढी सफाई देऊन राहिली म्हणजे काहीतरी होतंच! मग दोन दिवस गप्प राहून पाहिलं, तर सासूबाई म्हणतात, मोठीनं तोंड फुगवलं. आता काय पाटीवर लिहून दाखवू?

कुठंतरी वाचलं होतं, 1990 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन नावाच्या बाईनं प्रयोग केला, एकानं ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटानं वाजवायचा, दुसऱ्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी तरी ओळखतील. 120 गाणी वाजवली, ओळखली 3. कारण वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं सुरू असते, अन् समोरच्याला नुसती टकटक. मला तर रडूच आलं वाचून, म्हणजे माझं एकटीचं नाही तर हे. लगेच नवऱ्यासमोर टेबलावर गणपतीची आरती वाजवली, दर वर्षी दहा दिवस हा माणूस टाळ घेऊन म्हणते ती. तो म्हणाला, दार कोण वाजवून राहिलं बघ जरा.

उपाय सांगणारे भैताड वेगळेच. मैत्रीण म्हणाली, बोलायच्या आधी एक मोठा श्वास घेत जा. घेतला. नवरा म्हणते, सुस्कारे काहून सोडून राहिली?

आता मी सकाळी मेट्रोत सुभाषनगरपासून बर्डीपर्यंत कानात इयरफोन घालून बसते, गाणं-बिणं काही नाही, नुसतेच घालते, म्हणजे कोणी बोलत नाही. संध्याकाळी स्टेशनवरून स्कूटी काढली की हेल्मेटच्या आत सगळं बोलून घेते, जावेशी, पुण्याच्या पोराशी, सगळ्यांशी, मोठ्या आवाजात. सिग्नलवर एखादा वळून पाहते, पाहू दे, त्याला वाटते फोन चालू आहे. घरी पोचेपर्यंत डोकं थोडं थंड होते, तेवढंच.

उद्या अकराला परत पुण्याचा कॉल आहे, परत फाईल द्यायची आहे. नवरा म्हणते, तू "पाठवत आहे" म्हणून टाक न, तुझ्या बापाचं काय जाते. काहून म्हणू? पाठवून राहिली म्हणजे पाठवून राहिली.