यंत्र बंद पडल्यावर बोट कोण चालवणार? : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चार ओळींत आभार मानून मोकळं होता आलं असतं, पण तुम्ही मुद्द्याचं लिहिलंय. शिवाय हा ब्लॉग वाचणाऱ्यांत उद्या खरोखर बोट घेऊन निघतील अशी तरुण मुलं-मुली आहेत, म्हणून नीट उत्तर देतो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: मागच्या लेखात मी म्हटलं होतं की शिडाच्या बोटीने किनारा सोडून लांब जायचं असेल तर बोटीवर यंत्रं जितकी कमी तितकं बरं. त्यावर नागपूरच्या या वाचकांचं म्हणणं असं, की हा साधेपणाचा हट्ट म्हणजे जुन्या खलाशांची हौस आहे. भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी २०१८ मध्ये भर समुद्रात जायबंदी होऊनही वाचले ते उपग्रहामुळे, सेक्स्टंटमुळे (सूर्य-ताऱ्यांचा कोन मोजून जागा काढायचं जुनं हत्यार) नव्हे. असले लेख वाचून एखादं पोरगं जीपीएस घरी ठेवून समुद्रात जाईल आणि जिवाला मुकेल. आणि अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात, समुद्रापासून इतक्या लांब बसून समुद्राचे सल्ले देण्याचा अधिकार मला कुणी दिला?

शेवटचं आधी निपटतो. नोकरीची सगळी वर्षं मी मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो. नंतर मित्रांच्या शिडाच्या बोटींवर अरबी समुद्रात आणि हिंदी महासागरात हातभार लावायला जात राहिलो, अजूनही बोलावणं आलं की जातो. गाव इथलं, शेती इथली, म्हणून राहतो इथे. यंत्रांची मला भीती नाही, माझं पोट त्यांच्यावरच भरलं. पण जहाजावर एक जनरेटर बंद पडला तर दुसरा तयार असतो, सुट्या भागांची खोली असते, हाताखाली माणसं असतात. चाळीस फुटी बोटीवर दोघं जण असतात, त्यातला एक झोपलेला. तेच यंत्र त्या दोन जागी सारखं वागत नाही, हे मी दोन्हीकडे पाहिलंय.

आता टॉमींचं. तुमचं उदाहरण अगदी बरोबर आहे आणि ते मला अर्धवट सोडायचं नाही. ते ज्या गोल्डन ग्लोब शर्यतीत होते (एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा), तिचा नियमच असा की वाट काढायची ती सेक्स्टंट आणि कागदी नकाशांवर. १९६८ च्या पहिल्या शर्यतीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची जी ‘सुहेली’ होती, जी मुंबईत सागवानात बांधली गेली होती, तिच्याच धर्तीवर टॉमींची ‘थुरिया’ गोव्यात बांधली. २१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरात, पर्थपासून सुमारे १९०० नॉटिकल मैलांवर, वादळात बोट उलटून फिरली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. उठता येत नव्हतं. उपग्रहावरून छोटे मजकूर पाठवता येतील असं यंत्र आयोजकांनी सगळ्यांना सक्तीने दिलं होतं, त्यावरून त्यांनी कळवलं. भारतीय नौदलाच्या पी-८आय विमानाने बोट शोधली आणि २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचललं.

म्हणजे जुन्यातल्या जुन्या पद्धतीने चालणाऱ्या शर्यतीतसुद्धा मदत मागायचं यंत्र अत्याधुनिकच होतं, आणि ते काढून टाकायचा विचार कुणी केला नाही. भाऊ, मला जे म्हणायचंय ते इथेच आहे. बोटीवरची काही यंत्रं माझ्या हाताचं काम करतात: सुकाणू धरणं, शीड ओढणं, नांगर उचलणं, जागा शोधणं, पाणी पुरवणं. ती बंद पडली तर ते काम मला, माझ्या बायकोला किंवा सोबत्याला हाताने करता आलं पाहिजे. येत नसेल तर ते यंत्र घेऊन निघायचं नाही. दुसरी यंत्रं माझा आवाज माणसांपर्यंत नेतात किंवा माणसांचा माझ्यापर्यंत आणतात. त्यांना हाताचा पर्यायच नाही. हजार मैलांवरून कितीही ओरडलं तरी कोण ऐकणार? तिथे साधेपणा दाखवणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि तिथे मी तुमच्यापेक्षाही पुढे जाऊन यंत्राच्या बाजूने उभा आहे.

२०१७ चं ओखी वादळ आठवा. कन्याकुमारीकडचे आणि केरळातले मच्छीमार आठवडे-आठवडे खोल समुद्रात राहतात. त्यांच्याकडचा व्हीएचएफ रेडिओ थोड्याच अंतरापर्यंत पोचतो. वादळाचा इशारा निघाला तेव्हा कितीतरी बोटी त्या टप्प्याच्या बाहेर होत्या, आणि पुष्कळ माणसं परत आली नाहीत. पुढे २०१९ मध्ये हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राने ‘जेमिनी’ नावाचं उपकरण आणलं. ‘गगन’ या भारतीय उपग्रह-यंत्रणेवरून हवामानाचा इशारा बोटीवरच्या साध्या मोबाइलपर्यंत येतो. एकतर्फीच आहे, उत्तर देता येत नाही, तरी ते आधी असतं तर! त्या माणसांना बोट चालवायला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्यापर्यंत एक वाक्य पोचायला हवं होतं, तेवढंच.

(जाता जाता: भारतात परवानगीशिवाय इरिडियम किंवा थुराया हे उपग्रह फोन बाळगणं गुन्हा आहे. परदेशातून बोट आणणाऱ्यांनी बंदरात शिरण्याआधी याची चौकशी करावी, नंतर पोलीस ठाण्यात समजावत बसण्यापेक्षा.)

आता ऑटोपायलट, म्हणजे विजेवर आपोआप सुकाणू धरणारं यंत्र. मागच्या लेखात मी त्याच्यावर सर्वात जास्त टीका केली आणि तुम्हाला तेच सर्वात जास्त खटकलं. चाळीस फुटी बोटीवर तो सरासरी चार-पाच अँपिअर खातो. म्हणजे दिवसरात्र धरून शंभरेक अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची असते, त्यामुळे २०० अँपिअर-तासांची बॅटरी एका दिवसात तो एकटाच संपवतो. मग सोलर वाढवा, मग लिथियम घ्या. लिथियम बॅटरी चांगलीच असते, पण तिच्यातलं संरक्षण करणारं सर्किट एखाद्या क्षणी बॅटरी सरळ तोडून टाकतं, आणि त्या वेळी इंजिन चालू असेल तर अल्टरनेटरचे (इंजिनावर वीज तयार करणाऱ्या यंत्राचे) डायोड जळू शकतात. एका यंत्राला सांभाळायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं, आणि सगळ्यांच्या तारा त्याच दमट, खारट हवेत. तारेचं प्लास्टिक वरून नवंकोरं दिसतं. सोलून पाहिलं की आतलं तांबं हातभर आतपर्यंत काळं पडलेलं असतं, जोडावर हिरवी बुरशी आल्यासारखा गंज. तिथे करंट वाहतो, पण पुरेसा नाही, आणि ऑटोपायलट नेमका मोठी लाट मागून आली, जोर लावायची वेळ आली की हात टेकतो.

एकदा अरबी समुद्रात आमच्या बाबतीत हेच घडलं. कंट्रोल बॉक्समध्ये पाणी शिरलं. बोटीवर आम्ही दोघंच, त्यामुळे तीन तास याने सुकाणू धरायचं, तीन तास त्याने. दुसऱ्या रात्रीपासून माणूस होकायंत्राकडे बघत असतो पण आकडा डोक्यात शिरत नाही. जेवण करायला, शीड बदलायला, नकाशा पाहायला कुणी मोकळं राहत नाही. चुका तिथून सुरू होतात.

त्या बोटीवर विंडवेन, म्हणजे वाऱ्यावर सुकाणू धरणारं साधन, असतं तर हे टळलं असतं. ते चालतं कसं, सांगतो. बोटीच्या मागच्या टोकाला प्लायवूडचा पातळ उभा पंखा असतो. बोट वाऱ्याशी ठरवलेल्या कोनात आहे तोवर वारा पंख्याच्या कडेवरून निघून जातो आणि पंखा उभा राहतो. बोट जरा वळली की वारा त्याच्या सपाट अंगावर येतो, पंखा कलतो. त्याच्या कलण्याने खाली पाण्यात सोडलेलं लांब पातं किंचित फिरतं. बोट पुढे चाललेली असल्याने पाणी त्या पात्याला जोराने एका बाजूला ढकलतं, आणि पात्याला बांधलेल्या दोऱ्या सुकाणू ओढून बोट परत जागेवर आणतात. वारा वाढला, वेग वाढला, की त्याची ताकद वाढते. विजेचा थेंब लागत नाही. मोडलं तर डोळ्यांना दिसतं काय मोडलं, आणि दोरी, फळी, बोल्ट यांवर बहुतेक वेळा भागतं. त्याच्या मर्यादाही आहेत: वारा फिरला की बोट त्याच्याबरोबर फिरते, आणि वारा पडल्यावर ते निरुपयोगी. म्हणून वारा नसताना इंजिनावर जाण्यासाठी छोटा ऑटोपायलट जरूर ठेवा. माझी हरकत आहे ती फक्त त्याच्या एकट्याच्या भरवशावर महासागरात शिरण्याला.

जीपीएसबद्दल मी ‘नको’ कुठेच लिहिलेलं नाही. मी स्वतः तेच वापरतो. पावसाळी ढगांत दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, तिथे सेक्स्टंट पेटीतच राहतो. शिवाय घड्याळ चार सेकंदांनी चुकलं तर विषुववृत्ताजवळ जागा एका नॉटिकल मैलाने चुकते, हेही खरं. माझं सांगणं एवढंच की दर काही तासांनी जीपीएसवरची जागा, दिशा आणि वेग कागदी वहीत पेनाने लिहा. वीज पडून बोटीवरचं सगळं इलेक्ट्रॉनिक्स एका क्षणात जातं, असं घडतं. वही असेल तर शेवटच्या ठिकाणापासून हिशेब करत पुढे जाता येतं. वही नसेल तर आपण कुठे आहोत हे कुणालाच माहीत नसतं.

आणि यंत्र चालू असतानाही माणूस आंधळा होऊ शकतो. २९ नोव्हेंबर २०१४ ला व्होल्व्हो ओशन रेसमधली ‘टीम व्हेस्टास विंड’ ही बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराजोसच्या प्रवाळखडकावर रात्री पूर्ण वेगात चढली. नऊ जण होते, सुदैवाने सगळे वाचले. जगातले नावाजलेले खलाशी, उत्तमोत्तम यंत्रं, जीपीएस ठणठणीत. इलेक्ट्रॉनिक नकाशा दूरच्या झूमवर होता, त्यावर तो मैलोन्मैल लांबीचा खडक दिसतच नव्हता. तिथे दिसत होती ती सुमारे ४० मीटर खोली. कागदी नकाशावर खडक छापलेला असतो, तो झूम केल्याने लपत नाही. म्हणून निघण्याआधी संपूर्ण मार्ग एकदा मोठ्या कागदी नकाशावर हाताचं बोट फिरवून पाहावा, असं मी म्हणतो. त्याला अर्धा दिवस लागतो.

पाण्याचं यंत्र मात्र मला आमच्या गावाच्या उदाहरणाने सांगू द्या. आम्ही पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातले. विहिरीचं पाणी जिभेला लागतं, म्हणून गावात आरओ बसला. बोटीवरचा वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र) म्हणजे तेच तंत्र, फक्त समुद्रात लिटरला ३५ ग्रॅम मीठ असल्याने पाणी सुमारे ५५ बार दाबाने पडद्यातून ढकलावं लागतं. क्लोरीन लागलं की पडदा खराब होतो, बरेच दिवस न वापरता ठेवला तरी कुजतो. आमचा आरओ बंद पडला तेव्हा दुरुस्तीला आलेला पोरगा म्हणाला, “काका, याचं कार्डच उडालं. आता कंपनीतूनच येईन तवा.” तोवर लोकांनी शेजारच्या गावातून मोटरसायकलवर कॅन आणले. भाऊ, मुंबई ते मॉरिशस सुमारे २५०० नॉटिकल मैल आहे, आणि वाटेत शेजारचं गाव नाही.

हिशेब करून पाहा. पाच नॉटच्या (ताशी पाच नॉटिकल मैल) वेगाने एकवीस दिवस. दोन माणसं, माणशी तीन लिटर, म्हणजे १२६ लिटर. वारा पडून उशीर झाला तर म्हणून दीडपट धरा, १९० लिटर. चाळीस फुटी बोटीत एवढं पाणी सहज मावतं, तेही दोन वेगळ्या टाक्यांत, कारण नॉक्स-जॉन्स्टन यांच्यासारखं टाकीतलं पाणीच खराब झालं तर दुसरी हवी. तेवढं पाणी भरून घ्या आणि मग आंघोळीसाठी वॉटरमेकर हवा तर खुशाल बसवा. पण यंत्र आहे म्हणून साठ लिटरवर निघणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांची मला खरोखर काळजी वाटते.

तुम्ही शेवटी विचारलंत, की माझ्या सल्ल्याप्रमाणे चालणाऱ्या मुलाने मर्यादित पैसा कशावर खर्च करावा. सर्वात आधी ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब (संकटात उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवणारा बीकन) आणि लाइफराफ्ट (जीव वाचवायचा फुगणारा तराफा). मग एआयएस, म्हणजे आपली जागा रेडिओवरून सतत कळवणारं यंत्र, ज्याने मोठ्या जहाजाच्या ब्रिजवर (जहाज जिथून चालवतात तिथे) तुमची छोटी बोट दिसते. मासेमारी बोटींवर तो असेलच असं नाही, म्हणून डोळ्यांचा पहारा तरीही हवा. मग विंडवेन. हातात धरायचा एक जास्तीचा जीपीएस, सुट्या सेलांसह, घट्ट झाकणाच्या डब्यात. कागदी नकाशे, वही, पेन. हे सगळं झाल्यावर पैसे उरले तर चार्टप्लॉटर (इलेक्ट्रॉनिक नकाशाचा पडदा), फ्रीज, इंटरनेट, जे मनाला येईल ते. आणि अरबी समुद्रात मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे महिने टाळा, त्याला पैसे पडत नाहीत.

ईपर्ब घेतला की लगेच नोंदणी करा. भारतात ती बंगळुरूला इस्रोच्या केंद्राकडे होते. न नोंदवलेल्या बीकनचा संदेश आला तरी बोट कुणाची, तिच्यावर किती माणसं, हे शोधण्यात वेळ जातो. त्याच्या बॅटरीवर मुदतीची तारीख छापलेली असते, ती निघण्याआधी तपासा. आणि नोंदणीत घरचा जो फोन नंबर द्याल तो बदलला तर तिकडे कळवा. संदेश आल्यावर ते आधी त्याच नंबरवर फोन करतात.