ट्रॅक्टरच्या चाकांचा रंग : ‘एकदाच कोटिंग, जन्माची सुटका’ या दाव्याला उत्तर

उसातील आंतरमशागत, भाजीपाला आणि फळबागा यांसाठी वापरल्या जाणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरच्या चाकांना गंज लागू नये म्हणून काय करावे, हे सांगणारा एक संदेश कोल्हापूर परिसरातील शेतकऱ्यांच्या मोबाइलवर बरेच दिवस फिरतो आहे. त्यानुसार जुना रंग टायर न काढताच ब्लो लॅम्पने (ज्योत फेकणाऱ्या दिव्याने) जाळून टाकावा. चाकांना पावडर कोटिंग केले की ती जन्मभर गंजत नाहीत. ते परवडत नसेल तर गंजावरच रेड ऑक्साइड मारावा, तो गंज ‘मारतो’. त्यावर ऑइलपेंटचा एकच पण जाड हात द्यावा. आणि पाणी शिरू नये म्हणून नट बसतात ती जागाही भरपूर रंगवावी, असे त्यात म्हटले आहे. करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठी माझी थोडी शेती आहे, 2019 आणि 2021 अशा दोन्ही महापुरांत माझा ट्रॅक्टर पाण्यात होता, आणि त्याची चाके मी आजवर तीनदा रंगवून घेतली आहेत. त्यांपैकी दोनदा रंग वाया गेला, म्हणून हे उत्तर लिहितो आहे.

ब्लो लॅम्पचा सल्ला आधी घेतो, कारण बाकीच्या चुकांनी पैसे जातात आणि या चुकीने माणूस जातो. टायर रिमवर असताना रिम तापवली की आतली हवा फुगते, आणि रिमला चिकटलेले रबर आतल्या आत करपून त्यातून पेट घेणारा वायू सुटतो. बाहेरून काही दिसत नसताना असा टायर स्फोट होऊन फुटू शकतो. वेल्डिंगचेही तेच. चाक खाली उतरवून, हवा पूर्ण सोडून, टायर आणि ट्यूब काढल्याशिवाय रिमजवळ आग नेऊ नये. त्यातही जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भागांची) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, पण यंत्रांवरचा जुना रंग त्या नियमात येत नाही. म्हणून तो जाळण्याऐवजी किंवा कोरडा घासण्याऐवजी पाणी लावून घासावा.

पावडर कोटिंगबद्दलचा दावा निम्मा खरा असल्यामुळेच तो लोकांना पटतो. विद्युतभारित कोरडी पावडर धातूवर बसवून भट्टीत साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला भाजली की तयार होणारा थर एकसारखा आणि कडक असतो, यात शंका नाही. परंतु तो टिकतो खालच्या धातूच्या जोरावर. माझ्या पहिल्या जोडीच्या वेळी कारागिराने ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने खरखरीत कण मारून धातू उघडा करणे) न करता नुसता तारेचा ब्रश फिरवला होता, हे मला फार उशिरा कळले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर रिमच्या कडेला सुटलेला एक टवका नखाने सहज उचलला, तर तळहाताएवढा पापुद्रा अखंड हातात आला; वरची बाजू अगदी चकचकीत आणि आतली बाजू विटकरी पावडरीने माखलेली.

काम चोख झाले तरी एक अडचण उरतेच. शेतातले चाक बांधावरच्या दगडांवर आपटते, आणि चिखल निघेना झाला की आपणच त्याला खुरप्याने खरवडतो. कोटिंगला एकदा टवका उडाला की पाणी थराखाली सरकत जाते आणि वरून काहीच दिसत नाही. तेवढीच जागा पुन्हा भाजता येत नाही. टायर उतरवून सगळे चाक सोलावे लागते, नाहीतर शेवटी डबा आणि ब्रशच हाती घ्यावा लागतो. तरीही ज्यांना कोटिंगच करायचे आहे, त्यांनी पावडर कोणती आहे हे आधी विचारावे. नुसती इपॉक्सी पावडर उन्हात खडूसारखी पांढरट पडते. उघड्यावरच्या कामाला पॉलिएस्टर लागते. ब्लास्टिंगची सोय मात्र फाउंड्र्यांच्या या जिल्ह्यात शोधत हिंडावी लागत नाही.

रेड ऑक्साइड गंज मारतो, हा गैरसमज फार जुना आहे. ज्याला आपण रेड ऑक्साइड म्हणतो त्यातला लाल रंग हा स्वतःच लोहाचा ऑक्साइड असतो, म्हणजे गंजाचाच भाऊबंद. गंजाला अटकाव करतात ते त्या प्रायमरमध्ये घातलेले झिंक क्रोमेट किंवा झिंक फॉस्फेट, आणि तेही प्रायमर धातूला थेट भिडला तरच. सैल गंजावर लावलेला प्रायमर गंजालाच चिकटतो आणि गंजाबरोबरच गळून पडतो. शिवाय नुसता प्रायमर पाणी पितो. लाल हात देऊन पावसाळाभर उभे ठेवलेले चाक रंगवलेले आहे असे समजू नये.

गंजापेक्षाही फसवा असतो तो क्षार. पोटॅश म्हणून आपण टाकतो ते बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असते, आणि क्लोराइड लोखंडाच्या खड्ड्यांत दडून बसते. संध्याकाळी चाक घासून चकचकीत केले आणि पाऊस नसताना सकाळी खड्ड्याखड्ड्यांत नारिंगी ठिपके उमटले, तर आत क्षार आहे असे समजावे. त्यावर कितीही महागाचा रंग चढवला तरी क्षार थरातून पाणी ओढून घेतो आणि फोड येतात. गोड्या पाण्याने, ब्रश लावून, दोन-तीनदा धुणे आणि लगेच वाळवणे एवढाच त्यावर इलाज आहे. टॅनिक आम्लाचे गंजरोधक द्रावण खड्ड्यांतल्या उरलेल्या पातळ गंजाला काळे आणि स्थिर करते. जाड खपल्यांवर त्याचा उपयोग नाही.

जाड हाताविषयी थोडक्यात. ऑइलपेंट हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, त्यामुळे जाड थराला वरून साय धरते आणि आतला रंग आठवडेच्या आठवडे मऊ राहतो. दोन-तीन पातळ हात द्यावेत, आणि पातळ करायला टर्पेंटाइन वापरावे. पेट्रोल आगीला आमंत्रण देते, तर रॉकेलचा तेलकटपणा मागे राहतो.

आता नटांची जागा. रंग म्हटला की दिसण्याचा विचार होतो, पण इथे प्रश्न चाक जागेवर राहण्याचा आहे. नट आवळल्यावर डिस्क (चाकाची मधली तबकडी) आणि हब (ती जिथे बसते तो आसाचा भाग) एकमेकांवर दाबली जातात आणि त्या दाबावरच चाक धरलेले असते. पावडर कोटिंगचा थर साधारण 60 ते 80 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. तो डिस्कच्या दोन्ही बाजूंना आणि वर नटाच्या बैठकीतही असला, तर भाराखाली तो हळूहळू चेपतो, नटाचा ताण उतरतो, आणि डिस्कची भोके घासून लांबट होऊ लागतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वयस्क मिस्त्रींनी मला हे एका वाक्यात सांगितले होते : “पाव्हणं, नट बसतोय तितं रंग लावू नगासा, रंग दबला की नट ढिला पडतोय.” बैठका आणि हबला टेकणारा भाग टेप लावून झाकावा, फार तर प्रायमरचा एक पातळ हात द्यावा, आणि चाक बसवल्यावर काही तास काम झाले की सर्व नट पुन्हा आवळून पाहावेत.

मग लावावे काय? माझे मत असे की, टवका उडणारच आहे हे धरून, घरी दुरुस्त करता येईल असा रंग निवडावा. ब्लास्ट केलेल्या धातूवर झिंक फॉस्फेटयुक्त दोन घटकी (वापरताना हार्डनर मिसळावा लागणारा) इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचे दोन हात, ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते. इपॉक्सी धातूला घट्ट धरतो पण उन्हात टिकत नाही, आणि उन्हाचे काम पीयू करतो. मात्र पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. फवारा मारताना ते फुप्फुसांत जाते आणि तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. म्हणून फवाऱ्याचे काम बाहेरून हवा पुरवणारा मास्क असलेल्या पेंटरकडे द्यावे, आणि घरी मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, ब्रशनेच टवके भरावेत. जुन्या ऑइलपेंटवर पीयू चढवू नये. खालचा रंग सुरकुततो. शंका असल्यास थिनरचा बोळा कोपऱ्यात मिनिटभर दाबून पाहावा; रंग मऊ पडला किंवा सुरकुतला तर त्यावर पीयू नको. हा खर्च नको असेल तर चांगला झिंक फॉस्फेट प्रायमर आणि ऑइलपेंटही चालेल, फक्त दरवर्षी टवके भरण्याची तयारी हवी.

संदेशात वेळेबद्दल एक शब्दही नाही. आपल्याकडे चाके रंगतात ती खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, हवेत परतीच्या पावसाची ओल असताना. आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असताना, किंवा धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा (हवेतल्या वाफेचे दव होऊ लागते त्या तापमानापेक्षा) किमान 3 अंशांनी जास्त नसताना, रंगाखाली न दिसणारे पाणी अडकते. त्यातच इपॉक्सी आणि पीयू पुरते पिकायला साधारण आठवडा लागतो, आणि आमचा ट्रॅक्टर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सरीत असतो. तिसऱ्या वेळी मी चाके फेब्रुवारीत उतरवली आणि खंडेनवमीला त्यांना फक्त हळद-कुंकू लावले.