‘दोन्ही राउटर तंतोतंत सारखे ठेवा’ म्हणणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

जुना राउटर टाकून देऊ नका, तो नव्या राउटरला जोडा आणि घरातील इंटरनेटचा वेग दुप्पट करा, असे सांगणारा एक लांबलचक संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्यातील सूचना अशा : केबल कोणत्याही पोर्टात लावा, दोन्ही राउटरचा पत्ता, नाव, पासवर्ड, चॅनेल असे सर्व काही तंतोतंत सारखे ठेवा, आणखी वेग हवा असेल तर दोन केबल लावा, आणि पासवर्डचा कंटाळा असेल तर मुख्य राउटरला तो आहेच, जुन्याचा काढून टाकला तरी चालतो. हा संदेश माझ्या थोरल्या बहिणीपर्यंत पोहोचला, तिने तो अक्षरशः पाळला आणि त्यानंतर ती इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीशी फोनवर हुज्जत घालत बसली. कंपनीचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

वेग दुप्पट होण्याची गोष्ट चटकन निकालात काढता येते. दोन्ही राउटर एकाच जोडणीतून इंटरनेट घेतात, त्यामुळे बाहेरून घरात येणारा वेग जेवढा आहे तेवढाच राहतो. लांबच्या खोलीत सिग्नल क्षीण असल्यामुळे तो पूर्वी पुरता मिळत नव्हता, तो आता मिळतो, इतकेच. उलट जुन्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील, तर ३०० एमबीपीएसची जोडणी घेऊनही त्या खोलीच्या वाट्याला शंभराच्या आतलाच वेग येईल.

खरा उपद्रव आहे तो ‘सर्व काही सारखे ठेवा’ या सूचनेत. घरगुती राउटरचा पत्ता, म्हणजे नेटवर्कमध्ये त्याला ओळखण्याचा आकडा, बहुधा कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा ठरून येतो, आणि घरातील उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, तोच करतो. हे वाटप कसे चालावे याचे नियम मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी २१३१ या इंटरनेटच्या तांत्रिक नियमांच्या दस्तऐवजात आहेत आणि तो कोणालाही फुकट वाचता येतो. संदेश लिहिणाऱ्याने ती तसदी घेतलेली दिसत नाही. त्यानुसार, नव्याने जोडला जाणारा फोन संपूर्ण नेटवर्कला उद्देशून पत्ता मागतो, एकाहून अधिक सर्व्हर, म्हणजे पत्ते वाटणारी यंत्रे (इथे राउटर), त्याला देकार देऊ शकतात आणि फोन त्यांपैकी एक स्वीकारतो. याचा अर्थ असा की दोन्ही राउटरवर डीएचसीपी चालू असेल, तर कोणाचा देकार स्वीकारला जाईल हे बव्हंशी आधी कोण बोलले यावर ठरते, आणि एकाने कोणते पत्ते वाटले याची नोंद दुसऱ्याकडे नसते. देऊ केलेला पत्ता आधीच वापरात नाही ना, हे सर्व्हरने तपासावे असे तोच दस्तऐवज सुचवतो. परंतु नेमका त्या क्षणी एखादा फोन झोपेत असेल तर तो उत्तर देत नाही, आणि एकच पत्ता दोन उपकरणांना जातो.

त्यावर कडी म्हणजे दोन्ही राउटरचा स्वतःचा पत्ताही सारखा. बाहेर जाणारी माहिती कोणाकडे सोपवायची हे ठरवण्यासाठी फोन ‘१९२.१६८.१.१ कोण?’ असे विचारतो, तेव्हा दोघेही ‘मी’ म्हणतात. जुन्या राउटरचे उत्तर ग्राह्य धरले गेले की माहिती त्याच्याकडे जाते आणि तिथेच खुंटते, कारण केबल लॅन पोर्टात, म्हणजे घरातली उपकरणे जोडण्याच्या पोर्टात, लावलेली असेल तर त्याच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरचे इंटरनेट जिथून आत येते त्या पोर्टात, काहीच लावलेले नसते. पडद्यावर वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात आणि खाली ‘इंटरनेट नाही’ असे लिहून येते. वाय-फाय बंद करून चालू केले की प्रश्न पुन्हा विचारला जातो, या वेळी कदाचित बरोबर राउटर आधी बोलतो, आणि सारे सुरळीत झाल्यासारखे वाटते. दोष मधूनमधून डोके वर काढत असल्यामुळे संशय कंपनीवर जातो. ‘आमच्याकडे तर लगेच चालू झाले’ असे सांगणारेही खोटे बोलत नसतात. त्यांच्या उपकरणांना मुख्य राउटरची ओळख आधीपासून होती, ती पुसली जाईपर्यंत त्यांचे ठीक चालते.

नेटवर्कचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मात्र दोन्हीकडे सारखे असावेत, हे नाइलाजाने मान्य केले पाहिजे, कारण त्यामुळे खोली बदलली तरी फोनला नव्याने काही सांगावे लागत नाही. चॅनेल, म्हणजे वाय-फायच्या लहरींच्या पट्ट्याचा वापरला जाणारा भाग, वेगळे हवे. २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील शेजारचे चॅनेल ५ मेगाहर्ट्‌झ अंतरावर असतात, तर एका प्रक्षेपणाला साधारण २० लागतात. म्हणून एकाला १ दिले तर दुसऱ्याला ६ किंवा ११ द्यावे.

दोन केबल लावण्याची सूचना हास्यास्पद वाटली तरी तिने संपूर्ण घराचे नेटवर्क बंद पडू शकते. दोन केबलमुळे दोन राउटरमध्ये एक वर्तुळ तयार होते. इथरनेटच्या, म्हणजे केबलमधून चालणाऱ्या नेटवर्कच्या, फ्रेमला (माहितीच्या एका तुकड्याला) आयुर्मर्यादा नसते, त्यामुळे सर्वांना उद्देशून पाठवलेली एक फ्रेम त्या वर्तुळात फिरत राहते आणि तिच्या प्रती वाढत जातात. हे टाळण्यासाठी संगणकशास्त्रज्ञ रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री ही वर्तुळातली जादा जोडणी बंद ठेवणारी पद्धत शोधली, पण अनेक स्वस्त राउटरमध्ये ती नसते किंवा बंद असते. पासवर्डाविषयी तर काय बोलावे? जुना राउटर उघडा ठेवला की त्याला जोडला जाणारा परका माणूस थेट घरच्या नेटवर्कमध्ये येतो. मुख्य राउटरचा पासवर्ड त्याला कोणी विचारतच नाही.

पोर्टही कोणतेही चालत नाही. दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टात केबल लावली तर तो स्वतःचे वेगळे नेटवर्क उभारतो, त्याचे पत्ते पहिल्यापेक्षा वेगळे ठेवावे लागतात, आणि त्याच्याआड असलेला प्रिंटर मुख्य राउटरवरच्या संगणकाला दिसत नाही. काही घरांना असे विभाजन हवेही असते. केवळ व्याप्ती वाढवायची असेल, तर आधी जुना राउटर एकटा संगणकाला जोडावा, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ सारखा, पण मुख्य राउटर वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा ठेवावा, त्याचे डीएचसीपी बंद करावे, आणि नंतरच एका लॅन पोर्टातून दुसऱ्याच्या लॅन पोर्टात एकच केबल न्यावी. सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ असा पर्याय असेल तर यातील बहुतेक कामे तोच करतो. ज्यांनी संदेशाबरहुकूम जोडणी आधीच केली आहे, त्यांनी प्रथम दोन्ही राउटरमधील केबल काढावी, जुन्याचे रिसेट बटण त्यावरचे दिवे बदलेपर्यंत दाबून धरावे आणि मग याच क्रमाने पुन्हा सुरुवात करावी.