क्रिस्टल वॉटर्सचा दुसरा अल्बम पूर्ण ऐकलाय का कुणी?

२००८ च्या गॅदरिंगला आम्ही आठ जण ज्या गाण्यावर नाचलो ते होतं 'डेस्टिनेशन कॅलाब्रिया'. पेनड्राइव्हवर फाईलचं नाव होतं 'सॅक्सवालं', आणि महिनाभर रोज संध्याकाळी त्या हॉलमध्ये, पायाखाली शहाबादी फरशी आणि कोपऱ्यात कॉम्प्युटरचे दोन छोटे स्पीकर, एवढ्यावर आम्ही घाम गाळला. व्हिडिओत हिरव्या युनिफॉर्ममधल्या पोरी सॅक्सोफोन घेऊन नाचतात, त्यामुळे आम्हाला वाटायचं त्यांच्यातलीच कुणीतरी गाते. गाणारी बाई त्या व्हिडिओत कुठेच नाहीये. ती अमेरिकन गायिका क्रिस्टल वॉटर्स आहे हे मला कळायला पुढे चार-पाच वर्षं गेली, आणि जिच्या आवाजावर महिनाभर नाचलो तिचं नावसुद्धा विचारलं नाही याची हळहळ मला आजही वाटते.

म्हणून आज तिच्याबद्दल लिहितोय, आणि खास करून तिच्या दुसऱ्या अल्बमबद्दल, 'स्टोरीटेलर', १९९४. ज्यांना हाऊस म्युझिक, म्हणजे क्लबमध्ये नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, आवडतं त्यांच्याही प्लेलिस्टमध्ये तिची दोन गाणी असतात, तीही रिमिक्स, आणि विषय संपतो. मला हे पटत नाही. थोडं लांबेल, पण वाचा.

हाऊस म्हणजे शिकागोच्या 'वेअरहाऊस' क्लबमधून नाव घेऊन आलेलं संगीत, तिथे फ्रँकी नकल्स डीजे होता, आणि नाचायला येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यातही गे पोरं, ज्यांना बाहेर फारशी जागा नव्हती. हे संगीत उभं राहिलं ते बायकांच्या आवाजावर. आणि त्याच बायकांना सगळ्यात जास्त लपवलं गेलं. १९८९ मध्ये 'ब्लॅक बॉक्स' या इटालियन ग्रुपचं 'राइड ऑन टाइम' गाजलं, त्यात आवाज गायिका लोलिएटा हॉलोवेच्या १९८० च्या गाण्यातून उचललेला आणि व्हिडिओत ओठ हलवणारी भलतीच मॉडेल. मार्था वॉश या गायिकेचं तर त्याहून वाईट, एकापेक्षा जास्त सुपरहिट गाण्यांत आवाज तिचा आणि पडद्यावर दुसऱ्याच सडपातळ पोरी. शेवटी ती कोर्टात गेली, आणि तेव्हा कुठे गायिकेचं नाव छापायची पद्धत लागली. आपल्याला प्लेबॅकची सवय आहे, पण आपल्याकडे निदान कॅसेटच्या कव्हरवर लताबाई, आशाबाई असं नाव असायचं. तिथे नावही नव्हतं.

या सगळ्याच्या मधोमध, १९९१ मध्ये क्रिस्टल आली, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चेहऱ्याने आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या शब्दांनी. हॉवर्ड युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्स शिकलेली, वॉशिंग्टनमध्ये सरकारी नोकरी करणारी, वडील जॅझवाले, आणि शाळेत असल्यापासून कविता लिहिणारी. बाल्टिमोरच्या 'बेसमेंट बॉइज' या निर्मात्यांच्या टीमबरोबर तिने 'जिप्सी वुमन' केलं. ते 'ला दा दी'वालं, सगळ्यांनी ऐकलंय. अमेरिकेत ८ नंबर, ब्रिटनमध्ये २ नंबर. पण ते गाणं आहे कशावर? वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलबाहेर एक बाई गाऊन पैसे मागायची, काळे कपडे, व्यवस्थित मेकअप. क्रिस्टलला आधी रागच यायचा, एवढी नीटनेटकी आहे तर काम का करत नाही म्हणून. मग त्या बाईबद्दल छापून आलेलं तिने वाचलं, की दुकानातली नोकरी गेली आणि लोकांपुढे हात पसरायचाच आहे तर निदान नीट दिसावं एवढंच तिचं म्हणणं. गाणं तिथून आलं. आणि लोकांना काय ऐकू आलं, तर फक्त 'ला दा दी'. 'इन लिव्हिंग कलर' या कॉमेडी शोमध्ये तर तिची नक्कल करून गाण्यांना डोकंच नाही अशी खिल्ली उडवली. बेघर बाईवरचं गाणं आणि म्हणे डोकं नाही! गाण्याच्या नावापुढे कंसात 'शीज होमलेस' लिहावं लागलं, लोकांना कळावं म्हणून.

असं सगळं झाल्यावर दुसऱ्या अल्बमचं नाव 'गोष्ट सांगणारी' ठेवणं हे मला फार धाडसाचं वाटतं.

आणि ती खरंच सांगते. तिचा आवाज म्हणजे मार्था वॉशसारखा चर्चचं छप्पर उडवणारा नाही, ती ओरडत नाही, ताना नाहीत. शेजारची बाई कठड्याला टेकून काहीतरी सांगतेय अशी ती गाते, शब्द तोडून तोडून, थोडं नाकात, बीटच्या किंचित मागे. पुष्कळ जण याला सपाट आवाज म्हणतात आणि माझं याच ठिकाणी भांडण आहे. बेस आणि किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, एवढे ठोकत असताना त्यांच्या वर चढायचं नाही, त्यांच्या मधल्या जागेत बसून बोलायचं, हे सोपं नाहीये, करून बघा. 'गेटो डे' ऐका, क्लबचं गाणंच नाही ते, संथ, उन्हाळ्यातल्या दुपारसारखं, गरीब वस्तीतला एक चांगला दिवस. वस्ती म्हटलं की गोळीबार नाहीतर दया, हे दोनच सूर ऐकायची सवय असते, इथे दोन्ही नाहीत. 'लिसन फॉर माय बीप' हे तर नावातच पेजरचा काळ घेऊन बसलंय. 'रिलॅक्स' आहे. अल्बम थोडा लांबलाय, मधली दोन-तीन गाणी नसती तरी चाललं असतं, ते मी मान्य करतो. पण ही एका माणसाची वही आहे, डीजेसाठी जमवलेला माल नाही.

यातलं चाललं ते अर्थात '१०० परसेंट प्युअर लव्ह'. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ११ नंबरपर्यंत गेलं आणि तब्बल ४५ आठवडे त्या यादीत राहिलं, म्हणजे जवळजवळ वर्षभर हटलं नाही. अल्बमला तसं यश काही मिळालं नाही. लोकांनी सिंगल, म्हणजे ते एकच सुटं गाणं, घेतलं, नाचले, पुढे गेले. आम्हीही 'सॅक्सवालं' घेऊन तेच केलं म्हणा.

मागच्या आठवड्यात रात्री भांडी आवरताना हेडफोनवर हा अल्बम पहिल्यापासून लावला होता. '१०० परसेंट'चं पहिलं कडवं मी आधी शंभरदा ऐकलं असेल, पण कायम ढोल वाजत असल्यासारखं, शब्दांकडे लक्षच नाही. त्या दिवशी नळ बंद केला आणि ऐकलं. ती म्हणते, तुला कधी पळून जावं लागणार नाही, कधी एकटं बाहेर पडावं लागणार नाही, माझ्यात तुला घर मिळेल. आणि मग 'होम' हा एकच शब्द ती पुन्हा म्हणते, अगदी साधा, काही न सजवता. पहिल्या अल्बममध्ये रस्त्यावरची बाई, जिला घर नाही. तीन वर्षांनी दुसऱ्या अल्बममधल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचं पहिलं कडवं कुणालातरी घर देणारं. मला तरी ही दोन गाणी एकमेकींशी बोलताना ऐकू येतात, आणि एकदा ऐकू आल्यावर आता वेगळी काढताच येत नाहीत.

ओल्या हातानेच फोन घेऊन गाणं मागे घेतलं आणि ते कडवं परत लावलं. मग परत. रिमिक्स नको, अल्बममधलंच लावा, आणि पहिल्या कडव्याला तरी नाचू नका.