१०,७०४ मतं आणि घरोघरचे भाष्यकार

मोठी पोस्ट आहे. ख्रिसमसच्या सुट्टीत ऑफिस बंद आहे म्हणून लिहितेय, कंटाळा आला तर सरळ पुढे स्क्रोल करा, राग नाही.

२०१६ ची अमेरिकेची निवडणूक होऊन दीड महिना झाला, १९ डिसेंबरला इलेक्टोरल कॉलेजचं (म्हणजे अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींचं) मतदान पण उरकलं, २० जानेवारीला ट्रम्प शपथ घेणार हे आता ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही. पण माझ्या फीडवर अजून ९ नोव्हेंबरची सकाळच चालू आहे. एका बाजूला काय, तर अमेरिका संपली, हिचा खरा चेहरा दिसला, इतकी वर्षं आपण कुठल्या लोकांत राहत होतो. दुसऱ्या बाजूला काय, तर खरी जनता जागी झाली, मीडियाची आणि शहाण्यांची बरी जिरली. दोघांचं एकमेकांशी एका अक्षराचं पटत नाही, फक्त एका बाबतीत दोघं एकदम ठाम, की या निकालातून अमेरिका म्हणजे काय ते कळलं. मी मिशिगनमध्ये राहते, डेट्रॉइटच्या उत्तरेला, आणि मला सगळ्यात जास्त वैताग या ठामपणाचा येतो.

ट्रम्प इथे मिशिगनमध्ये किती मतांनी जिंकला माहितीये? १०,७०४. अध्यक्षपदासाठी राज्यात ४८ लाखांच्या आसपास मतं पडली, त्यात हा फरक. विस्कॉन्सिनमध्ये २२ हजार आणि वर काहीतरी, पेनसिल्व्हेनियात ४४ हजार. तिन्ही राज्यं मिळून ७८ हजारसुद्धा होत नाहीत, आणि या तिघांची मिळून ४६ इलेक्टोरल मतं, राज्य जिंकेल त्याला ती सगळी. ती तिकडे गेली असती तर हिलरी २७८ वर (जिंकायला २७० लागतात), विषय संपला. देशभराची मतं धरली तर बाई २८ लाखांनी पुढेच आहेत. म्हणजे या तीन राज्यांत चाळीसेक हजार लोकांचं मन ऐनवेळी फिरलं असतं, तर आज हेच अँकर, हेच कॉलमवाले, हेच आपले फेसबुकवाले 'अमेरिकेने द्वेष नाकारला' म्हणून लिहीत बसले असते. आणि ट्रम्पला मत देणारे सव्वासहा कोटी लोक तेव्हाही इथेच असते ना, त्याच गावात, त्याच घरात, डोक्यात तेच विचार घेऊन. दहावीला ३५ मिळालेल्या पोराचे गल्लीभर पेढे आणि ३४ मिळालेल्याला 'तुझ्या डोक्यात बटाटे भरलेत', तसं चाललंय हे. एका मार्काने पोराची अक्कल बदलते होय?

आता धक्का बसला हे खरं आहे, मलाही बसला. त्या रात्री न्यूयॉर्क टाइम्सच्या साइटवर तो काटा होता, संध्याकाळी हिलरीला ८५ टक्के चान्स दाखवत होता आणि बघता बघता पार पलीकडे गेला. तिकडे न्यूयॉर्कात जॅविट्स सेंटरमध्ये हिलरीचा कार्यक्रम, बायकांना अडवणारं 'ग्लास सीलिंग' फोडायचं म्हणून काचेचं छत मुद्दाम बघून घेतलेली जागा, लोकं रडतायत, आणि रात्री दोनच्या सुमाराला तिच्या प्रचाराचा प्रमुख पोडेस्टा येऊन सांगतोय की घरी जा, उद्या बोलू. न्यूजवीकचा 'मॅडम प्रेसिडेंट'वाला अंक छापून दुकानात गेलेला, तो परत मागवावा लागला. प्रिन्सटनच्या एका प्रोफेसरांनी ट्रम्पला २४० च्या वर इलेक्टोरल मतं मिळाली तर किडा खाईन म्हणून सांगितलेलं, त्यांनी सीएनएनवर खरंच रातकिडा खाल्ला. (एवढी टीका झाली त्यांच्यावर, पण मला तो माणूस आवडला. बाकीच्यांनी कुठे काय खाल्लं?)

पण मिशिगनमध्ये राहणाऱ्यांनी तरी आभाळ कोसळल्यासारखं करू नये, कारण हे राज्य मार्चमध्येच बोललं होतं. डेमोक्रॅटिक प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान, झालं ८ मार्चला, पोल हिलरीला वीस-वीस पॉइंटांनी पुढे दाखवत होते, आणि जिंकले पक्षातलेच तिचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स. काय मुद्दे होते? नाफ्टा (मेक्सिको-कॅनडाशी केलेला व्यापार करार), मेक्सिकोला गेलेले कारखाने. तेच मुद्दे नंतर ट्रम्पने उचलले. फोर्डने सप्टेंबरमध्ये सांगितलं की आमच्या सगळ्या छोट्या गाड्या आता मेक्सिकोत बनणार, त्यातली फोकस तेव्हा इथे वेनच्या प्लांटमध्ये बनत होती, आणि ट्रम्प तिकडे सभांमधून ३५ टक्के टॅक्स लावतो म्हणून ओरडतोय. डॉक्युमेंटरीवाल्या मायकल मूरने, हा इथल्या फ्लिंटचाच माणूस, जुलैमध्येच लिहून ठेवलेलं की ट्रम्प जिंकणार आणि मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन घेऊन जिंकणार. चारही राज्यं बरोबर. आणि हिलरीबाई प्रायमरीनंतर विस्कॉन्सिनमध्ये प्रचाराला एकदासुद्धा फिरकल्या नाहीत. याला आकाशवाणी झाली नाही म्हणून तक्रार करण्यात काय अर्थ आहे.

निकालानंतरची नाटकं तर विचारू नका, आणि ही दोन्हीकडची आहेत. ऑक्टोबरमध्ये शेवटच्या डिबेटला ट्रम्प म्हणाला की निकाल मान्य करेन का ते तेव्हाच सांगेन, तर सगळ्यांनी कपाळाला हात लावला, लोकशाहीचा अपमान वगैरे, आणि बरोबरच होतं ते. मग ९ नोव्हेंबरपासून पोर्टलंड, ओकलंड, शिकागो, न्यूयॉर्क, सगळीकडे 'नॉट माय प्रेसिडेंट'. त्याच लोकांपैकी कित्येकजण. हिलरीने सकाळी हार मान्य केली, ओबामाने दुसऱ्याच दिवशी ट्रम्पला व्हाइट हाउसमध्ये बोलावून शेजारी बसवलं, पण फॉलोअर मंडळी नेत्यांच्या दोन पावलं पुढे. इलेक्टोरल कॉलेज रद्द करा म्हणून ओरडा, आणि दुसरीकडे लाखो सह्या गोळा करून त्याच इलेक्टोरल कॉलेजच्या हातापाया पडणं की बाबांनो ट्रम्पला सोडा. १९ डिसेंबरला झालं काय? ट्रम्पचे दोन इलेक्टर फुटले आणि हिलरीचे पाच. हे वाचून मी एकटीच स्वयंपाकघरात हसत होते. आणि स्वतः ट्रम्प? २०१२ मध्ये हाच माणूस ट्विटरवर इलेक्टोरल कॉलेजला लोकशाहीवरचं संकट म्हणाला होता, आता जिंकल्यावर तीच सिस्टीम एकदम हुशारीची. वर असंही म्हणतोय की लाखो लोकांनी बेकायदा मतं दिली नसती तर पॉप्युलर व्होट (देशभराची एकूण मतं) पण मीच जिंकलो असतो. पुरावा शून्य. जिंकलेला माणूस निवडणुकीत घोटाळा झाला म्हणून ओरडतोय हे मी पहिल्यांदाच बघितलं.

एक मात्र सांगते, म्हणजे उगाच गैरसमज नको. लोकांची भीती खोटी नाही. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी रॉयल ओकच्या एका शाळेत, माझ्या घरापासून फार लांब नाही, जेवणाच्या सुट्टीत पोरं 'बिल्ड द वॉल' (ट्रम्पची मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधायची घोषणा) म्हणून ओरडत होती आणि त्याच हॉलमध्ये मेक्सिकन पोरं डबा खात बसलेली. तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. डिअरबॉर्नमधल्या माझ्या ओळखीच्या लेबनीज बाई हिजाब घालून मॉलला जायचं की नाही याचा विचार करत होत्या. त्यांना जाऊन '१०,७०४ चाच फरक आहे हो' सांगायची माझी छाती नाही. सत्ता मिळाली की ती पूर्ण मिळते, काठावर मिळाली म्हणून कोणी अर्धी चालवत नाही. माझं भांडण भीतीशी नाहीच, माझं भांडण निकालावरून अख्ख्या देशाची कुंडली मांडणाऱ्यांशी आहे, कारण त्या कुंडलीत माझ्या आजूबाजूची माणसं बसतच नाहीत.

आमच्या कंपनीचं काम स्टर्लिंग हाइट्सच्या एका डाय शॉपमध्ये (साचे बनवणाऱ्या कारखान्यात) असतं, मॅकोम्ब काउंटीत. या काउंटीवर लोक ऐंशीच्या दशकापासून अभ्यास करतायत, 'रीगन डेमोक्रॅट' (डेमोक्रॅट असून रिपब्लिकन रीगनला मत देणारे) म्हणतात ना ते इथलेच. ओबामाला दोन्ही वेळा दिलं, या वेळी ट्रम्पला ४८ हजारांची आघाडी. म्हणजे एकट्या या काउंटीची आघाडी राज्याच्या फरकाच्या चौपटीहून जास्त. तिथला एक टूलमेकर, पन्नाशी पार केलेला, ओबामाला दोनदा मत दिलेलं आणि आता ट्रम्पला. मी विचारलं, तो बायकांबद्दल जे बोलला ते ऐकलं ना? म्हणाला ऐकलं, घाणेरडा माणूस आहे. मग? तर म्हणाला, मला तो घरी जेवायला नकोय, मला माझा प्लांट इथे हवाय. आता हा वंशवादी की नाही ते ठरवा तुम्ही. मला एवढंच माहिती की माझ्या मशीनचं ड्रॉइंग चुकलं तेव्हा रात्री साडेनऊपर्यंत थांबून तो माझ्याबरोबर शिम (फट भरायच्या पातळ पट्ट्या) लावत बसला होता, आणि हेही माहिती की मुसलमानांना देशात येऊ न देण्याच्या ट्रम्पच्या बंदीचा विषय काढल्यावर त्याने खांदे उडवले. दोन्ही खरं आहे, मला दोन्हीची बेरीज करता येत नाही.

पण ज्यांच्यावर कोणीच लेख लिहीत नाहीये असे लोक वेगळेच आहेत. माझ्या शेजारचे आजोबा, कार कंपनीतून रिटायर झालेले, बर्फ पडला की आमचा फूटपाथ पण साफ करून देतात. मिशिगनची मतपत्रिका कोणी बघितली असेल तर माहिती असेल, लांबच्या लांब असते, अध्यक्षापासून सुरू होते ती युनिव्हर्सिटीचे रीजंट, जज, स्कूल बोर्ड, आणि ड्रेन कमिशनर. हो, इथे गटारांच्या कमिशनरला पण लोकं निवडून देतात. तर आजोबांनी सगळं भरलं. कुठल्या जजला दिलं, का दिलं, सगळं मला सांगितलं, ड्रेन कमिशनरबद्दल तर दहा मिनिटं बोलले कारण त्यांच्या बेसमेंटमध्ये पाणी आलेलं. आणि सगळ्यात वरची जागा कोरी सोडली. दोघांपैकी कोणीच मत देण्याच्या लायकीचं नाही म्हणाले. मला वाटलं असला हा एकच नमुना. नंतर आकडा आला, मिशिगनमध्ये असे ७५ हजार लोक, बूथपर्यंत गेले, रांगेत उभे राहिले आणि अध्यक्षाच्या जागी काही केलंच नाही. जिंकण्याच्या फरकाच्या सात पट. आणि डेट्रॉइट ज्या वेन काउंटीत आहे तिथे हिलरीला ओबामाच्या २०१२ पेक्षा ७६ हजार मतं कमी पडली. ती काय सगळी ट्रम्पकडे गेली नाहीत, त्यातले खूपसे आलेच नाहीत. आता सांगा यांच्यावरून अमेरिकेचा कुठला खरा चेहरा दिसतो? या लोकांनी ना द्वेषाला मत दिलंय ना प्रेमाला. टीव्हीवर यांना बोलावून विचारणार तरी काय.

आता आपल्या लोकांकडे येते, कारण टॅग करून शिव्या द्यायला आपलीच माणसं बरी.

त्या वर्तमानपत्रात येतात तशा एकजिनसी 'भारतीय अमेरिकन' मतदाराला मी आजवर भेटलेले नाही. ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीत एडिसनला ट्रम्पचा कार्यक्रम झाला, बॉलिवूड नाच वगैरे, मग ती 'अब की बार ट्रम्प सरकार'ची जाहिरात. भारतातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती माझ्याकडे निदान पाच मामा-काकांनी पाठवली. दिल्लीत तर मे महिन्यातच जंतरमंतरवर त्याच्यासाठी हवन झालेलं. आणि ९ नोव्हेंबरला तर भारतात गंमतच, आदल्या रात्री आठ वाजता पाचशे-हजारच्या नोटा गेल्या, सकाळी इकडे ट्रम्प आला, सेन्सेक्स उघडताना सोळाशेहून जास्त आपटला आणि बंद होईपर्यंत बराचसा सावरला पण. आमचे सांगलीचे मामा दुसऱ्या दिवशी बँकेच्या रांगेतून मला मेसेज करतात, "बरं झालं, आता पाकिस्तानची वाट लागणार." मी म्हटलं मामा, तुमची भाची ग्रीन कार्डच्या लायनीत आहे आणि नवरा एच-वन-बीवर, आमची कोणती वाट लागणार तेही बघा जरा. तर मामांचं उत्तर, "तुम्ही कायदेशीर आहात, तुम्हाला काय होतंय?" नोटा पण कायदेशीरच होत्या मामा.

इथल्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम निकालानंतरच्या शनिवारी होता. नाटकाचा प्रवेश झाला, लावणी झाली, आणि जेवणाच्या रांगेत वरण-भाताच्या ट्रेपाशी जुंपली. एक डॉक्टर, इथे तीस वर्षं झालेले, शांतपणे म्हणाले मी ट्रम्पला दिलं, टॅक्ससाठी, आणि ओबामाकेअरने (ओबामाच्या आरोग्यविम्याच्या कायद्याने) माझ्या क्लिनिकचं कागदी काम दुप्पट केलंय म्हणून. त्यांच्या मागे उभी असलेली त्यांचीच सून, हातात बाळ, म्हणाली बाबा, मागच्या आठवड्यात पेट्रोल पंपावर मला एकाने 'आता घरी जायची तयारी करा' म्हटलं ते तुम्हाला सांगितलं नव्हतं मी. डॉक्टर काहीच बोलले नाहीत. जिलबी न घेताच टेबलावर जाऊन बसले. बाकी सगळेजण मात्र एकदम बोलायला लागले.

त्यात सगळ्यात मोठा आवाज आमच्या एका मित्राचा. सिटिझन होऊन बरीच वर्षं झाली याला. लोकशाही, संविधान, हिटलर, सगळं आलं भाषणात, श्रीखंड वितळून गेलं तरी थांबेना. डीपी काळा केलेला, इथली माणसं अशीच, मनातून आपल्याला कधीच आपलं मानत नाहीत, वगैरे. मी सहज विचारलं, तुझं बूथ कुठे होतं रे, आमच्या इथल्या शाळेत का? मला तर मत नाही, पण शेजारच्या आजोबांना मीच गाडीतून सोडलं होतं, म्हणून विचारलं. तर साहेबांनी घर बदलल्यापासून नावच नोंदवलेलं नव्हतं. मिशिगनमध्ये या निवडणुकीत नोंदणीची मुदत महिनाभर आधी संपली आणि हे लक्षात आलं तेव्हा उशीर झालेला, बायकोचं पण राहिलं. "एका मताने काय फरक पडतो," असं आधी वाटलं म्हणे.

नाव सांगत नाही. तो ही पोस्ट वाचणार आहे, आणि मला खात्री आहे, सगळ्यात आधी लाइक पण तोच करणार आहे.