‘पुसलेली सिस्टिम पाच मिनिटांत परत मिळवा’ : या संदेशातली एकही पायरी करून पाहू नका

‘डिलीट झालेली ऑपरेटिंग सिस्टिम घरबसल्या पाच मिनिटांत परत मिळवा’ अशा मथळ्याचा एक व्हॉट्सॲप संदेश सध्या नात्यागोत्यांच्या गटांतून फिरत आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून अनेकांनी जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवून घेतली, आणि दोहोंपैकी एक चुकून पुसून बसलेली माणसे माझ्याकडे अधूनमधून येऊ लागली. मी गोव्यात डिचोलीला संगणक दुरुस्तीचे काम करतो. अशा संदेशांना उत्तर देत बसण्याची मला सवय नाही, परंतु हा संदेश माझ्या भाचीपर्यंत पोहोचला आणि तिने त्यातली पहिली पायरी करूनही टाकली, म्हणून हे लिहीत आहे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे. आधी बायोस (संगणक सुरू होतानाची मूळ सेटिंग्ज) मूळ स्थितीत आणा, म्हणजे गेलेली सिस्टिम परत दिसेल. न दिसल्यास जी जागा रिकामी दिसते तिथेच तीच सिस्टिम पुन्हा इन्स्टॉल करा, जुन्या फायली आपोआप परत येतात. तरीही अडले तर विंडोजमधल्या डिस्कपार्ट या साधनात ‘क्लीन’ ही आज्ञा द्या. मग कोणतेही रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा, शंभर टक्के माहिती मिळते. उशीर केलात तर विंडोजचे लायसन्सही जाईल. आणि शेवटी, हे सारे विंडोजचे अपडेट मुद्दाम घडवून आणते.

भाची वाळपईला राहते. पौषात सत्तरी तालुक्यातल्या गावोगावच्या मांडांवर बसून तिने धालोची, म्हणजे बायकांच्या लोकनृत्याची, गाणी ध्वनिमुद्रित केली होती. गाणाऱ्यांपैकी काही आज्यांनी वयाची सत्तर वर्षे ओलांडलेली आहेत. ही सारी मुद्रणे लॅपटॉपवरच्या लिनक्समध्ये होती आणि दुसरी प्रत कुठेही नव्हती. विंडोजला लिनक्सचे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा त्याच्यासाठी वेगळा केलेला भाग, वाचता येत नाही, त्यामुळे डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते बिनअक्षरी आणि बिननावाचे दिसते. तिला ती वाया गेलेली जागा वाटली आणि तिने ते पार्टिशन पुसले. लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर फक्त ग्रबची, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, एक ओळ आली. त्या क्षणी तिचे विंडोज पूर्णपणे शाबूत होते. बूट मेनू उघडून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडले असते तर ते सुरू झाले असते. तेवढ्यात मावसभावाने हा संदेश पाठवला.

बायोस मूळ स्थितीत आणल्याने पुसलेली सिस्टिम परत येत नाही, कारण ती बायोसमध्ये नसतेच. ती डिस्कवर असते. ही पायरी निरुपद्रवी असती तरी मी ती सोडून दिली असती. पण लिनक्स बसवताना अनेक लॅपटॉपांवर बायोसमधली डिस्क हाताळण्याची पद्धत ‘रेड’वरून ‘एएचसीआय’वर आणावी लागते, आणि बायोस रिसेट केले की ती पुन्हा ‘रेड’वर जाते. मग चांगले चाललेले विंडोजही निळा पडदा दाखवून थांबते. भाचीच्या बाबतीत नेमके हेच झाले. एक सिस्टिम गेली होती, संदेशाने दुसरीही बंद पाडली, आणि त्या घाबरलेल्या अवस्थेत ती दुसऱ्या पायरीवर आली.

ही दुसरी पायरी सर्वांत घातक आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. पार्टिशन पुसले जाते तेव्हा प्रथम जाते ती फक्त नोंद. डिस्कच्या आरंभी पार्टिशनांचा एक तक्ता असतो आणि जीपीटी पद्धतीत त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. पुसल्यावर दोन्हीकडची नोंद जाते, पण हार्ड डिस्कवरचा मजकूर जागच्या जागी राहतो. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरून नाव खोडले म्हणून कुळागरातल्या पोफळी उखडल्या जात नाहीत. मात्र त्याच जागेवर नवी सिस्टिम बसवणे म्हणजे त्या कुळागरात जेसीबी घालणे होय. इन्स्टॉलर तिथे नवे पार्टिशन करतो, ते फॉरमॅट करतो आणि त्यावर कित्येक जीबींच्या नव्या फायली लिहितो. त्यांच्याखाली जे गेले ते कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

या पायरीत अर्धे सत्य आहे, ते नाकारत नाही. पार्टिशन शाबूत असताना, ते फॉरमॅट न करता, विंडोजवर विंडोज पुन्हा बसवले तर जुन्या फायली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये ठेवल्या जातात. परंतु ज्याचे पार्टिशनच पुसले गेले आहे त्याच्यासाठी ही सोय नाही, आणि संदेश तर अशाच माणसाला उद्देशून लिहिलेला आहे.

हार्ड डिस्कऐवजी चिपवर साठवणारी एसएसडी असल्यास परिस्थिती आणखी कठीण होते. विंडोज ७ येण्यापूर्वी, मे २००९ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनीच जाहीरपणे लिहिले होते की ट्रिम ही क्रिया फॉरमॅट आणि डिलीट या आज्ञांशी जोडलेली आहे. ट्रिम म्हणजे ‘ही जागा आता नको’ असे डिस्कला कळवणे. त्यानंतर एसएसडी तो मजकूर स्वतःच आतून मोकळा करते. म्हणून ‘कोणतेही सॉफ्टवेअर चालवा, शंभर टक्के मिळेल’ हे वाक्य एसएसडीच्या बाबतीत धडधडीत खोटे आहे, आणि हार्ड डिस्कच्या बाबतीतही ते सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवून घेतले तर माणूस स्वतःच्याच फायलींवर लिहीत असतो.

‘क्लीन’विषयी एवढेच सांगतो की ही आज्ञा एका पार्टिशनवर चालत नाही. निवडलेल्या संपूर्ण डिस्कचा तक्ता ती पुसते, म्हणजे उरलेली सिस्टिमही जाते. लायसन्सची भीती तर निराधार आहे: विंडोज ८ पासून कंपनीने बसवून दिलेल्या विंडोजची किल्ली लॅपटॉपच्या मदरबोर्डमध्येच नोंदलेली असते.

अपडेटवरचा आरोप मात्र पूर्णपणे झटकून टाकता येत नाही. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज सुरक्षा अपडेटनंतर अनेक ड्युअल-बूट, म्हणजे दोन सिस्टिम असलेल्या, संगणकांवरचे लिनक्स सिक्युअर बूट या सुरू होतानाच्या सुरक्षा तपासणीत अडकून सुरू होईनासे झाले, आणि ड्युअल-बूट संगणकांवर असे होणे अपेक्षित नव्हते हे मायक्रोसॉफ्टला मान्य करावे लागले. पण तेव्हाही लिनक्स पुसले गेले नव्हते, फक्त त्याचा दरवाजा बंद झाला होता. अशा वेळी पुन्हा इन्स्टॉल करणे म्हणजे न गेलेली वस्तू स्वतःच्या हाताने घालवणे. बायोसमधले बदल करण्यापूर्वी बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाची ४८ अंकी रिकव्हरी किल्ली हाताशी आहे ना, हेही पाहावे लागते. संदेशात तिचा उल्लेखही नाही.

भाचीने मला फोन केला तेव्हा पेनड्राइव्ह लावलेला होता, पडद्यावर ‘अनॲलोकेटेड स्पेस’ (कोणाला न दिलेली जागा) ही ओळ निवडलेली होती, आणि तिचा प्रश्न होता, “मामा, नेक्स्ट दाबू?” मी तिला बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करायला आणि तो घेऊन थेट कदंब बसमध्ये बसायला सांगितले. साखळीवरून ती डिचोलीला येईपर्यंत मी दुसरी डिस्क रिकामी करून ठेवली होती.

तिच्या लॅपटॉपमध्ये एक टीबीची जुनी हार्ड डिस्क होती, हे नशीब. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून आधी संपूर्ण डिस्कची प्रत डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने काढली. त्यात दुपार गेली. मग टेस्टडिस्क चालवले. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेले हे मुक्त आणि विनामूल्य सॉफ्टवेअर डिस्क चाळून पार्टिशनांच्या आरंभीच्या खुणा शोधते. क्विक सर्चनंतर लिनक्सचे पार्टिशन यादीत आले. त्यावर ‘पी’ दाबल्यावर फोल्डरांची नावे उमटली, आणि ‘होम’च्या आत गावांच्या नावांनी लावलेली मुद्रणे ओळीने दिसली. भाची तोवर माझ्या मागे उभी होती, ती खुर्ची ओढून बसली. मी सारी मुद्रणे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली आणि त्यानंतरच ‘राइट’ निवडून पार्टिशनची नोंद तक्त्यात पुन्हा लिहिली.

बायोसमध्ये डिस्कची पद्धत पुन्हा एएचसीआय केली तेव्हा विंडोजही सुरू झाले. ग्रब नव्याने बसवावे लागले नाही, कारण ते आपले पार्टिशन ज्या ओळखक्रमांकावरून शोधते तो पार्टिशनच्या आतच असतो आणि त्याला धक्का लागलेला नव्हता. या सगळ्याला पाच मिनिटे नव्हे, सकाळपासून रात्रीचे नऊ वाजेपर्यंतचा वेळ लागला. शेवटच्या कदंबाची वेळ टळून गेली होती, म्हणून भाची त्या रात्री आमच्याकडेच राहिली, आणि मावसभावाला फोन करून तो संदेश गटातून काढायला तिनेच सांगितले.