केंद्रकात की बाहेर? यीस्टच्या एन्झाइमवरील आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा: डीएनए केंद्रकात असतो, मग त्याचे घटक बनवणारं रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे एन्झाइमही तिथेच हवं. मी मात्र लेखात ते पेशीद्रवात, म्हणजे केंद्रकाबाहेर, काम करतं असं लिहिलं आणि पुढे त्याचा एक भाग केंद्रकात दाखवला, म्हणजे लेख स्वतःलाच खोडतो. शंका रास्त आहे, निष्कर्ष मला पटत नाही.

रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज एकसंध नाही. पावाच्या यीस्टमध्ये त्याचा मोठा भाग, आरएनआर१, पेशीद्रवात असतो. आरएनआर२ आणि आरएनआर४ यांच्या जोडीने बनलेला छोटा भाग एरवी मुख्यतः केंद्रकात असतो. रासायनिक क्रिया घडते मोठ्या भागावर, पण ती सुरू करणारा मुक्तमूलक (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला क्रियाशील अणुगट) असतो छोट्या भागात. एकट्याने दोघंही निरुपयोगी. म्हणून त्यांना वेगळं ठेवणं हाच पेशीचा एक लगाम आहे. लगाम हवाच, कारण घटकांचा साठा प्रमाणाबाहेर वाढला की डीएनएच्या नकलेत चुका वाढतात.

छोट्या भागाला डीआयएफ१ हे प्रथिन केंद्रकात नेतं, डब्ल्यूटीएम१ हे दुसरं प्रथिन तिथे धरून ठेवतं. डीएनएची नक्कल सुरू झाली, किंवा डीएनएला इजा झाली, की तो बाहेर येतो. त्याचं हे बाहेर येणं मिंगशिया हुआंग, जोआन स्टब या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं. इजा झाल्यावर हा निरोप एमईसी१, आरएडी५३ आणि डीयूएन१ या प्रथिनांच्या साखळीतून जातो. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच: डीएनए तुटलेला असतो केंद्रकात, आणि पेशी दुरुस्तीचा माल बनवण्यासाठी एन्झाइमचा भाग तिथून बाहेर काढते!

‘मग माल आत कसा पोचतो?’ असंही तुम्ही विचारलंत. हे घटक जेमतेम ५०० डाल्टनचे (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक). केंद्रकाच्या छिद्रांतून ते सहज झिरपतात, वाहकाची गरज नाही. एन्झाइमचे भाग मात्र खूप मोठे, त्यांची ये-जा पेशी नियंत्रित करू शकते. शिवाय यीस्टमध्ये विभाजनाच्या वेळीही केंद्रकाचं आवरण विरघळत नाही, त्यामुळे आतलं-बाहेरचं आपोआप मिसळून जात नाही.

माणसाच्या पेशीत डीएनएला इजा झाल्यावर पी५३आर२ (याच एन्झाइमच्या छोट्या भागाचं एक रूप) केंद्रकात जातं, हा तुमचा दाखला २००० सालच्या शोधनिबंधातला दिसतो. २००८ मध्ये सस्तन प्राण्यांच्या पेशींवर झालेल्या कामात मात्र इजेनंतरही हे एन्झाइम पेशीद्रवातच आढळलं. मला हा पुरावा अधिक भक्कम वाटतो.